कर्मवीर भाऊराव पाटील : एका पंगतीचे शिक्षण

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेने सांगितले आहेत. त्यांत शास्त्रदानाचे, म्हणजेच ज्ञानदानाचे माहात्म्य अनेक आचार्यांनी गायिले आहे. परंतु ज्याच्या पोटात अन्न नाही, ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही आणि ज्याला पंगतीत बसण्याची मनाई आहे, त्याच्यापर्यंत शास्त्र पोहोचणार तरी कसे? हा प्रश्न ग्रंथात सुटण्यासारखा नव्हता. दक्षिण महाराष्ट्रातील एका शेतकरी जैन कुटुंबात जन्मलेल्या माणसाने तो आपल्या हयातीत, आपल्या घरच्या चुलीपासून सोडवायला सुरुवात केली. शिक्षणमहर्षी, पद्मभूषण कर्मवीर डॉ. भाऊराव पायगोंडा पाटील हे त्यांचे नाव.

बालपण आणि काळ

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी, त्यांच्या आजोळी झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या कुशीतले हे गाव. घराण्याचे मूळ स्थान कर्नाटकातील मूडबिद्री. पुढे कुटुंब वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण निरनिराळ्या गावी झाले. पुस्तकापेक्षा तालीम, मल्लखांब आणि नदीतले पोहणे यांची त्यांना अधिक ओढ होती. अन्याय दिसला की अंगावर धावून जाण्याचा स्वभाव मात्र लहानपणापासूनचाच.

तो काळ कसा होता हे लक्षात घेतल्याखेरीज त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभर माणसांमागे जेमतेम पाच जणांना लिहिता-वाचता येत होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात एकही भरत नव्हते. खेड्यात शाळा असलीच तर चार इयत्तांची. त्यापुढे शिकायचे तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहणे भाग होते. शहरात ज्याचा नातलग आहे, ज्याला खानावळीचे पैसे परवडतात, ज्याच्या जातीला घर भाड्याने मिळते, त्यालाच पुढची वाट मोकळी होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महार-मांगाच्या मुलाला शाळेची घंटा ऐकू येत असे; शाळेपर्यंतचा रस्ता मात्र त्याच्यासाठी बांधलेलाच नव्हता.

ही विषमता दूर व्हावी म्हणून थोरांनी प्रयत्न केले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न ठामपणे मांडला. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, पण पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्याआधीच त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उघडून कोल्हापूरला वसतिगृहांचे माहेर करून सोडले होते. भाऊरावांच्या जीवनाला वळण लागले ते याच कोल्हापुरात, आणि तेही एका वसतिगृहातच.

वसतिगृहातून बाहेर

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. खेड्यापाड्यांतील जैन मुलांची राहण्या-जेवणाची सोय व्हावी या सद्हेतूने ही संस्था उभी राहिली होती. तिच्या आश्रयाने कितीतरी शेतकरी मुले शिकली. भाऊरावांवरही तिचे ऋण होते.

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव आवर्जून गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. प्रश्न एका तांब्याभर पाण्याचा होता. अंगावर पाणी घेतले असते तर सारे मिटले असते. पण आपल्यासारख्याच मुलांच्या समारंभाला गेल्याने माणूस विटाळतो हे त्यांना मान्य नव्हते, आणि जे मनाला मान्य नाही त्यासाठी स्नान करणे म्हणजे असत्य आचरणे होते. त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांच्या छत्राखाली ते राहिले. इंग्रजी सहाव्या इयत्तेच्या पुढे मात्र त्यांचे शिक्षण गेले नाही.

जैन समाजाच्या दृष्टीने ही घटना झाकून ठेवण्याजोगी नाही. जीवमात्राविषयी करुणा शिकविणाऱ्या परंपरेतही रूढीने माणसामाणसांत भिंत उभी केली होती, आणि ती भिंत ओळखणारा डोळाही त्याच परंपरेत वाढलेल्या एका मुलाचा होता. भाऊरावांच्या मनात त्या वसतिगृहाविषयी कडवटपणा राहिला नाही. राहिला तो एक धडा. एका समाजाच्या मुलांची सोय केली म्हणजे शिक्षणाचे दार किलकिले होते. पण दारात कोण आणि पंगतीत कोण, हा भेद जोवर शिल्लक आहे, तोवर ते दार सर्वांचे होत नाही.

त्यांच्या मनाचा निर्मळपणा पुढे १९१४ मध्ये कसाला लागला. कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले आणि त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. लठ्ठे हे दक्षिणेतील जैन समाजाचे अग्रणी विद्वान. जैन बोर्डिंगच्या कारभाराशी त्यांचा निकटचा संबंध होता. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. जुन्या अपमानाचा वचपा काढण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे साफ नाकारले आणि त्यासाठी तुरुंगवास व छळ सोसला. स्नानाला नकार देणारा विद्यार्थी आणि साक्षीला नकार देणारा तरुण एकच होता. दोन्ही प्रसंगी त्यांनी असत्यालाच नकार दिला.

व्यापारातून मिळालेले शिक्षण

उपजीविकेसाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. पाटील मास्तर म्हणून ते ओळखले जाऊ लागले. पुढे ओगले काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या कामानिमित्त त्यांनी गावेच्या गावे पालथी घातली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्याबरोबरही त्यांनी कारखान्याच्या कामात भाग घेतला. विक्रेता म्हणून ते यशस्वी ठरले, पण या भ्रमंतीने त्यांना पैशापेक्षा मोठी शिदोरी दिली. लोखंडी नांगर घेण्यास शेतकरी का कचरतो, सावकाराच्या कागदावर अंगठा कसा उमटतो, पावतीवरचा आकडा वाचता न आल्याने वर्षाची कमाई कशी हातची जाते, हे त्यांनी ओसरीवर बसून पाहिले. दारिद्र्याचे आणि निरक्षरतेचे मूळ एकच आहे, ही त्यांची खात्री पटली. घरी कंदील आला तरी त्याच्या उजेडात वाचणारे कोणी नसेल तर तो उजेड अपुराच राहतो.

शिक्षणप्रसाराचा पहिला प्रयत्न त्यांनी १९१० मध्येच सहकाऱ्यांसह दुधगाव येथे केला होता. तेथे निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू झाला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. संस्थेच्या नावातच तिचा हेतू सामावलेला होता. रयत म्हणजे कष्ट करणारी, कर भरणारी, आणि आजवर शाळेच्या पटावर नाव नसलेली प्रजा.

लक्ष्मीबाईंची चूल

१९२४ मध्ये संस्थेचे कार्यस्थान साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. आरंभी वसतिगृह म्हणजे भाऊरावांचे राहते घरच. पुढे धनिणीच्या बागेत ते वाढले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशी सारी मुले एका छपराखाली राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. कोल्हापुरात ज्या पंगतीवरून भाऊरावांना उठावे लागले होते, ती पंगत त्यांनी साताऱ्यात नव्याने मांडली, आणि या पंगतीवरून कोणालाही उठविले जाणार नव्हते.

या कार्याचा मोठा भार त्यांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई यांनी वाहिला. त्या सनातन वळणाच्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात वाढल्या होत्या. अनेक जातींची मुले आपल्या स्वयंपाकघरात वावरू देणे ही त्यांच्यासाठी सोपी गोष्ट नव्हती. पण उपाशी मुलाचे तोंड पाहिल्यावर त्याची जात त्यांना दिसेनाशी झाली. वसतिगृहाचे धान्य संपत आले की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना जाई. अखेर सौभाग्याचे लेणे, मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या जेवणासाठी दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचा मोठा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. रयत माउली म्हणून संस्था आजही त्यांचे स्मरण करते. आहारदान आणि ज्ञानदान एकाच चुलीवर कसे शिजते, हे त्यांच्या जीवनाने दाखविले.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. १९३२ मध्ये पुण्यात, येरवडा कराराच्या पार्श्वभूमीवर, युनियन बोर्डिंग हाऊस सुरू झाले. त्याच्या नावातच स्पृश्य-अस्पृश्यांच्या ऐक्याचा उद्घोष होता.

स्वावलंबनाचा मार्ग

वसतिगृह चालवायचे तर रोज शेकडो पानांची व्यवस्था हवी. भाऊरावांजवळ ना संस्थान होते, ना गिरणी. त्यांनी दोन मार्ग काढले. एक, खेड्यांतील घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करण्याचा. ज्या बाईच्या घरी एकही अक्षर वाचणारे नव्हते, तिच्या जात्यापाशी बाजूला काढलेल्या मुठीने कोणा परक्या मुलाचे शिक्षण होऊ लागले. या मुठीमागे मोठा अर्थ होता. शाळा ही सरकारने किंवा धनिकाने दिलेली भीक नव्हे, ती आपली आहे, ही भावना त्यातून रयतेच्या मनात रुजली.

दुसरा मार्ग श्रमाचा. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर, खाणीवर राबावे आणि त्या श्रमातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवावा. कमवा आणि शिका या नावाने ही योजना पुढे महाराष्ट्रभर परिचित झाली. दूर अमेरिकेत १८८१ मध्ये आलाबामा राज्यातील टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजासाठी शाळा काढली, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांनीही स्वतः विटा पाडून इमारती उभारल्या होत्या. ज्या समाजाला शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवले गेले, त्याला जगाच्या दोन टोकांना एकच वाट सापडावी, हा केवळ योगायोग नव्हे. पैसा नसलेल्याकडे देण्यासारखे असतात ते त्याचे हात. भाऊरावांनी त्या हातांना प्रतिष्ठा दिली. कुदळ धरणे हे शिक्षणातील विघ्न नसून शिक्षणाचाच भाग आहे, असे त्यांच्या विद्यार्थ्यांना वाटू लागले.

१९३५ मध्ये साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. येथून तयार झालेले शिक्षक शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर पाठविण्यात आले. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरापासून डोंगरदऱ्यांतील लहान लहान गावांपर्यंत व्हॉलंटरी शाळांचे जाळे विणले गेले. देवळात, चावडीवर, एखाद्याच्या गोठ्यालगत वर्ग भरत. स्वातंत्र्यानंतर या शाळा स्थानिक स्कूल बोर्डाकडे सोपविण्यात आल्या, तोवर त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली होती. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व निवासी हायस्कूल निघाले. स्त्री-शिक्षिकांची उणीव ओळखून १९४२ मध्ये जिजामाता अध्यापिका विद्यालयाची स्थापना झाली. १९४७ च्या जून महिन्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. श्रम करून शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला पदवीपर्यंतची वाट येथे प्रथमच मोकळी झाली. १९५४ मध्ये कराडला संत गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज सुरू झाले. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या त्या संताने शिक्षणासाठी आयुष्यभर लोकांना हाक दिली होती, आणि भाऊरावांच्या संस्थेवर त्यांचा विशेष लोभ होता.

संस्थांची नावे पाहिली तरी भाऊरावांच्या मनाची ठेवण कळते. एकाही वास्तूला त्यांनी आपले नाव दिले नाही. शाहू, सयाजीराव, फुले, गांधी, गाडगे महाराज, जिजामाता आणि मौलाना आझाद यांच्या नावांनी संस्था उभ्या राहिल्या. सहकाऱ्यांतही भेद नव्हता. इस्माईलसाहेब मुल्ला यांच्यासारखे सहकारी अखेरपर्यंत त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. अंगावर जाडीभरडी खादी, हातात काठी आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी अशी त्यांची मूर्ती खेडोपाडी परिचित होती. वसतिगृहात एका पंगतीत जेवलेल्या मुलांतूनच पुढे संस्थेचे कार्यकर्ते, शिक्षक, अधिकारी घडले. अशा विद्यार्थ्यांपैकी पां. ग. पाटील हे विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, संस्थेच्या कार्याला त्यांनी वाहून घेतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. स्वतः मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या गुरूचा शिष्य विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

अखेरचे पर्व आणि उरलेले काम

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट्. अर्पण केली. थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. मागे राहिली ती तीन महाविद्यालये, शंभरांहून अधिक माध्यमिक शाळा आणि अडतीस वसतिगृहे. संस्थेचे बोधचिन्ह असलेल्या वटवृक्षाच्या पारंब्या त्यानंतरही जमिनीत उतरत राहिल्या, आणि रयत शिक्षण संस्था देशातील मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक झाली.

भाऊरावांनी काम सुरू केले त्या १९१९ नंतर जग पुष्कळ बदलले आहे. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने शिक्षण हा प्रत्येक माणसाचा हक्क मानला. १९५१ मध्ये स्वतंत्र भारताची साक्षरता सुमारे १८ टक्के होती; २०११ च्या जनगणनेत ती ७४ टक्क्यांवर पोहोचली. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अमलात आला. गोखल्यांचे फेटाळलेले विधेयक जणू शतकानंतर मंजूर झाले. तरीही २०११ मध्ये पुरुषांच्या साक्षरतेपेक्षा स्त्रियांची साक्षरता सोळा टक्क्यांनी मागेच होती. जगाचा विचार केला तर युनेस्कोच्या अलीकडच्या अंदाजानुसार सुमारे ७५ कोटी प्रौढांना अजून साधे लिहिता-वाचता येत नाही. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. पंचवीस कोटींहून अधिक मुले शाळेबाहेर आहेत.

या मुलांच्या वाटेत आज जे अडथळे आहेत, ते साताऱ्याच्या त्या घरात भाऊरावांनी ओळखलेल्या अडथळ्यांहून फारसे निराळे नाहीत. अंतर, भूक, निवारा आणि कोणाला सामावून घ्यायचे याविषयीचा समाजाचा संकोच, हेच ते अडथळे. महाराष्ट्रातच दरवर्षी ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर मुलेही फडावर जातात. गावात शाळा असते, पटावर नाव असते, पण घराला कुलूप लागलेले असते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना करावी लागली, यातच भाऊरावांच्या विचाराचे आजचे प्रयोजन दिसून येते. शाळा बांधणे हे अर्धे काम आहे. त्या शाळेत मूल टिकावे म्हणून त्याच्या ताटाची आणि अंथरुणाची काळजी वाहणे, हे उरलेले अर्धे.

जैन समाजाने वसतिगृहे, पाठशाळा, शिष्यवृत्त्या यांच्या रूपाने ज्ञानदानाची परंपरा निष्ठेने जपली आहे. त्याच समाजाच्या एका सुपुत्राने त्या परंपरेला एक कसोटी घालून दिली. किती मुले शिकली याबरोबरच पंगतीत कोण बसले आणि कोण बाहेर राहिले, हेही मोजले पाहिजे, ही ती कसोटी. वसतिगृहाच्या दारात एकदा नाकारले गेलेल्या त्या विद्यार्थ्याने दार लावून घेण्याऐवजी आयुष्यभर नवी दारे उघडली. अनेकांतवाद ही केवळ तत्त्वचर्चा नसून दुसऱ्याला आपल्याशेजारी पानावर बसविण्याची रीत आहे, हे त्यांनी एकही प्रवचन न करता दाखवून दिले. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.